बिनशिवणीची नळी आणि बिनहक्काचा कामगार

काशीच्या गंगेवर मराठ्यांनी बांधलेल्या घाटांची संख्या मोठी आहे. त्यांपैकी अमृतराव घाट हा पेशवाईच्या अखेरीचा. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०३ साली इंग्रजांशी करार केला, सालिना सात लाखांचे पेन्शन पदरात पाडून घेतले आणि पुण्याचे राजकारण सोडून ते उत्तरेस निघून गेले. १८०७ च्या सुमारास त्यांनी या घाटाच्या पायऱ्या दगडाने बांधून काढल्या आणि वर अन्नछत्र चालविले. आज हा घाट राजा घाट या नावाने अधिक ओळखला जातो. घाटाचे बांधकाम उत्तम आहे, याविषयी वाद नाही. मात्र ज्या सात लाखांतून ते झाले ते कंपनी सरकारने रयतेकडून वसूल केलेल्या साऱ्यातले होते, एवढे लक्षात ठेवून पायऱ्या चढाव्यात.

घाटाच्या वर, थोडे आत गेले की मदनपुरा लागतो. बनारसी शालू विणणाऱ्या अन्सारी विणकरांची ही जुनी वस्ती. मराठी वाचकाला हे नाव परके वाटणार नाही, कारण मुंबईत भायखळ्याजवळ त्याच नावाची मोमीन विणकरांची वस्ती आहे. १८५७ नंतरच्या दडपशाहीत आणि पाठोपाठच्या दुष्काळांत बनारस, मऊ, आझमगड या टापूतील विणकर कुटुंबे दक्षिणेकडे सरकली आणि मालेगाव, भिवंडी, धुळे, कामठी, मुंबई येथे त्यांनी माग मांडले. पेशव्यांच्या वंशातला एक पुरुष पेन्शन घेऊन गोदेच्या मुलखातून गंगेकडे गेला, आणि पन्नास-साठ वर्षांनी गंगेकाठचे हजारो विणकर रिकाम्या हाताने गोदेच्या मुलखाकडे आले. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या प्रवासाला पाने मिळाली, दुसऱ्याला फार तर तळटीप.

या लेखाचा विषय मात्र शालू नाही. शालूविषयी मंत्री, व्यापारी आणि पर्यटन खाते पुरेसे बोलत असतात. ज्या कापडाकडे कोणी पाहतही नाही, अशा एका कापडाविषयी येथे लिहावयाचे आहे. ते म्हणजे नळीच्या आकारात, शिवणीशिवाय विणलेले कापड.

घाटावरून नदीच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावर रामनगर आहे. तेथली रामलीला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आली असून ती महिनाभर चालते. तेथे विजेचे दिवे व ध्वनिक्षेपक लावीत नाहीत. रात्रीचे प्रसंग पेट्रोमॅक्सच्या गॅसबत्त्यांच्या उजेडात होतात. आपल्याकडे जत्रा, तमाशाचे फड आणि लग्नाच्या वराती याच बत्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या उजळल्या, आणि बत्ती डोक्यावर घेऊन चालणारा माणूस स्वतः नेहमी अंधारात राहिला. त्या बत्तीतला पांढराशुभ्र प्रकाश देणारा मँटल म्हणजे मुळात एक विणलेला मोजा असतो. रॅमीच्या किंवा कृत्रिम रेशमाच्या धाग्याची बारीक जाळीदार नळी गोल यंत्रावर विणतात, ती थोरियम व सेरियम या धातूंच्या क्षारांच्या द्रावणात भिजवून वाळवितात, तुकडे कापून एक टोक बांधून बंद करतात. बत्तीला लावून पहिल्यांदा पेटविला की धागा जळून जातो आणि धातूंच्या ऑक्साइडचा सांगाडा तेवढा उरतो. तो धाग्याच्या प्रत्येक टाक्याचा हुबेहूब ठसा असतो आणि बोट लागले तरी त्याची राख होते. उजेड पडतो तो त्या राखेचा.

आता तेथून एखाद्या सार्वजनिक इस्पितळाच्या प्लास्टरखोलीत यावे. मोडलेल्या हातावर प्लास्टर घालण्यापूर्वी त्वचेवर जी पांढरी ताणली जाणारी सुती नळी चढवितात, ती स्टॉकिनेट. तिच्यावर कापसाचा थर आणि त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. ही नळी चढविली नाही, किंवा तिच्या जागी शिवलेले कापड घातले, तर शिवणीची कड प्लास्टरखाली आठवडेच्या आठवडे कातडीत रुतते आणि जखम होते. कापलेल्या पायाच्या खुंटावर कृत्रिम पाय बसविण्याआधी जो मोजा घालतात तोही असाच बिनशिवणीचा लागतो. शिवणीचा एक धागा माणसाला चालू देतो किंवा देत नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली सैनिकांसाठी उभे राहिले, मुंबईत हाजी अलीला पुनर्वसन संस्था १९५५ साली सुरू झाली, जयपूरला १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातून आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या देखरेखीखाली जयपूर फूट घडला. या सर्वांची कीर्ती रास्त आहे. पण त्या पायाच्या आत जो मोजा आहे तो कोणी विणला, हे विचारण्याची पद्धत नाही.

नळी शिवणीशिवाय होते कशी, हे थोडे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे. मागावरच्या कापडात उभे धागे ताणलेले असतात व आडवा धागा त्यांतून जातो. होजिअरीत तसे नसते. तेथे एकच धागा टाक्यात टाका अडकवीत पुढे जातो, म्हणून ते कापड ताणते आणि सोडले की पूर्ववत होते. गंजीफ्रॉक अंगाला बसतो आणि सदरा बसत नाही, याचे कारण हेच. सुया वर्तुळात उभ्या केल्या आणि धागा त्यांच्याभोवती फिरत ठेवला की कापड नळीच्याच आकारात खाली उतरते. त्याला सुरुवात व शेवट असतो, कड नसते. सुया कमी-जास्त केल्या की बोटाएवढ्या नळीपासून धडाएवढ्या नळीपर्यंत काय हवे ते निघते. रंग लावण्याच्या रोलरवरचे कापड, हातमोज्याचे मनगट, तारांवरची आवरणे, गाळण्या, शस्त्रक्रियेच्या झग्याचा कफ, ही सारी याच कुळातली.

या यंत्राचा इतिहास कामगारवर्गाच्या इतिहासाशी जखडलेला आहे. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याची चौकट बनविली. सव्वादोनशे वर्षांनी, १८११ मध्ये, नॉटिंगहॅमच्या मोजेविणकरांनी रात्री घराघरांत शिरून चौकटी फोडावयास प्रारंभ केला. यंत्र दिसले की फोडणारे अडाणी लोक, अशी त्यांची प्रतिमा मालकांच्या लेखणीने रंगविली. वस्तुतः त्यांची तक्रार नेमकी होती. मालकांनी रुंद चौकटीवर सपाट कापड विणून, ते कापून, शिवून मोजे म्हणून विकण्यास सुरुवात केली होती. पायाच्या आकारात विणलेला चांगला मोजा त्यामुळे बाजारातून उठत होता, कारागिराची मजुरी पडत होती आणि शिवण उसवली की ग्राहकही फसत होता. ज्या चौकटीवर असा माल निघे आणि ज्या मालकाने मजुरी कापली असेल, तीच चौकट निवडून फोडली जाई. पार्लमेंटने १८१२ साली चौकट फोडणाऱ्यास फाशीचा कायदा केला. कवी बायरन याने उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध भाषण केले, पण कायदा झालाच. म्हणजे शिवण असावी की नसावी, या प्रश्नावर माणसांचे गळे पणाला लागलेले आहेत.

हिंदुस्थानात होजिअरीचे पहिले यंत्र १८९३ साली कलकत्त्याजवळ खिदिरपूरला आले. पुढे लुधियाना, कानपूर आणि सर्वांत मोठे म्हणजे तिरुपूर. तिरुपूरच्या कामगारांनी १९८४ साली महागाई भत्त्यासाठी १२७ दिवसांचा संप लढविला. मुंबईच्या गिरणी संपाला तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. गिरणगावात आपण हरत असताना होजिअरीतला तमिळ कामगार भत्त्याच्या हक्कासाठी चार महिने उभा राहिला, ही गोष्ट महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना जितकी ठाऊक असावयास हवी तितकी नाही.

पट्टी आणि मोजा यांच्या पलीकडे या नळीची सर्वांत थोर करामत म्हणजे कापडाची रक्तवाहिनी. १९५२ मध्ये अमेरिकन शल्यविशारद आर्थर व्हूरहीस याने कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी धमनीच्या जागी बसवून दाखविली. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी कापडाच्या दुकानात नायलॉन आणावयास गेले, नायलॉन संपले होते म्हणून डेक्रॉन घेऊन आले आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर त्यांनी नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजे आपल्या शर्टाचे टेरिलीन. धागा तोच, पॉलिएस्टर. शिवलेल्या नळीत शिवणीचा दोष राहतोच, म्हणून पुढे विणकामाच्या एका अभियंत्याने शिवणीशिवाय नळी विणणारे यंत्र त्यांना जुळवून दिले. विणलेल्या नळीच्या छिद्रांत रुग्णाचेच रक्त साकळते, पुढे तेथे शरीराच्या पेशी वाढतात आणि कापड शरीराचे होऊन जाते. ही कथा वैद्यकाच्या पुस्तकांत डॉक्टरांच्या नावाने सांगितली जाते, आणि डॉक्टरांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. परंतु मोजे आणि टाया विणणाऱ्या गिरण्यांत दीडशे वर्षे साठलेले ज्ञान नसते, तर ही नळी झाली नसती.

आपल्या देशात असे काम होऊ शकत नाही, परदेशातून आणावे लागते, असे म्हणणाऱ्यांना तिरुवनंतपुरमचे उदाहरण द्यावे. तेथील श्री चित्रा तिरुनाळ संस्थेने, म्हणजे सरकारी संस्थेने, वर्षानुवर्षे खपून हृदयाची कृत्रिम झडप तयार केली. डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसविली. धातूची चौकट, प्लॅस्टिकची चकती आणि हृदयाच्या स्नायूला शिवण्यासाठी पॉलिएस्टर कापडाचे कडे अशी तिची रचना. परदेशी झडपेच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त पडली. पुढे तंत्र खाजगी उद्योगसमूहाच्या हाती उत्पादनासाठी सोपविण्यात आले. संशोधनाचा खर्च आणि धोका जनतेचा, उत्पादन आणि नफा खाजगी, ही वाटणी येथेही चुकली नाही. तरीही झडप झाली आणि गरिबाला परवडेल अशा किमतीच्या जवळ आली, याचे मोल कमी लेखू नये. हृदयातील स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारला बांधून द्यावी लागली. त्यापूर्वी इस्पितळे व कंपन्या रुग्णाकडून काय घेत होत्या हे त्या एका आदेशाने उघड केले. विणलेल्या नळ्यांनाही तोच न्याय लावला पाहिजे.

आता पुन्हा मँटलकडे वळू, कारण तेथे प्रश्न किमतीचा नसून फुप्फुसाचा आहे.

थोरियम हा किरणोत्सर्गी धातू आहे. त्याचा निम्मा भाग क्षय पावण्यास सुमारे १,४०० कोटी वर्षे लागतात, म्हणून त्याचा मारा मंद असतो. पण धूळ होऊन तो श्वासातून आत गेला तर तेथेच ठाण मांडतो. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत तो विपुल आहे. १९०९ साली एका जर्मन रसायनज्ञाने ही वाळू ओळखली ती मँटलसाठीच, आणि पुढची कित्येक वर्षे युरोपातले रस्ते मल्याळी मजुराने उपसलेल्या वाळूवर उजळले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ पासून तुर्भ्याच्या कारखान्यात थोरियम नायट्रेट तयार होऊ लागले. मँटल करणाऱ्या देशातील खाजगी कारखान्यांना त्याचा पुरवठा होत असे. म्हणजे मालाचा उगम अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली, जेथे प्रत्येक ग्रॅमचा हिशेब आणि प्रत्येक कामगाराच्या छातीवर मापक पट्टी. आणि मालाचा शेवट पत्र्याच्या छपराखाली, जेथे नगावर मजुरी घेणाऱ्या बाया वाळलेली नळी कापतात, बांधतात आणि डझनाच्या पुड्या करतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी अशा कारखान्यांतील किरणोत्सर्ग मोजून निबंध लिहिलेले आहेत. तेव्हा सरकारला ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू नये.

अमेरिकेत मँटल करणाऱ्या मोठ्या कंपनीने १९९० च्या दशकात थोरियम सोडून यिट्रियम घेतले. ग्राहक बोलू लागला, म्हणून हे घडले. आपल्याकडे मँटलचा ग्राहक म्हणजे यात्रेतला हातगाडीवाला, वीज गेलेल्या खेड्यातला दुकानदार. त्याच्या वतीने कोण बोलणार? विजेचे आणि बॅटरीचे दिवे आल्यापासून हा धंदा आकसत गेला आहे आणि आकसणाऱ्या धंद्यात सुरक्षेवर खर्च करण्यास मालक कधीच तयार नसतो. धंदा मरेपर्यंत कामगार मरू द्यावा, हा हिशेब आपण पाटी-पेन्सिलीच्या कारखान्यांत पाहिला आहे.

कायद्याची स्थिती काय आहे? १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा व विजेविना वीस कामगार असले की तो कारखाना धरला जाई. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हे आकडे वीस आणि चाळीस केले, आणि ही संहिता इतर तिन्हींसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आणण्यात आली. स्टॉकिनेट विणणाऱ्या, मँटल बांधणाऱ्या, पट्ट्या गुंडाळणाऱ्या किती जागा वीसच्या वर जातात? पंधरा कामगारांच्या छपराखालचा मालक एका रात्रीत कारखानदार राहिला नाही. त्याने काही केले नाही, आकडा बदलला. मात्र त्याच २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक तरतूद अशी आहे की धोकादायक अथवा जिवावर बेतणारे काम असेल तर केंद्र सरकार अधिसूचना काढून, एकच कामगार असला तरी, त्या जागेला राज्य विमा योजना लागू करू शकते. संहितांना आपला विरोध आहे आणि तो राहील. पण शत्रूच्या शस्त्रागारात एखादे हत्यार आपल्या कामाचे सापडले तर ते उचलण्यास लाजू नये. किरणोत्सर्गी धुळीत चालणारे मँटलचे काम या तरतुदीखाली यावे, ही मागणी कामगार संघटनांनी लेखी, तारीख घालून केली पाहिजे.

सरकारचे लक्ष कोठे आहे, ते पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानाला मंजुरी मिळाली, रक्कम १,४८० कोटी रुपये. त्यांतील १,००० कोटी संशोधनासाठी; उरलेल्यांत बाजारपेठ, निर्यात आणि प्रशिक्षण. वैद्यकीय वस्त्रे हा या अभियानाचा एक मानाचा भाग. संशोधनास पैसा मिळाला याचे स्वागतच केले पाहिजे. पण चार भागांच्या या योजनेत कामगाराचे आरोग्य, मजुरी किंवा विमा यांच्या नावाचा पाचवा भाग नाही. आणि ज्या महिन्यांत हे अभियान जन्माला येत होते त्याच महिन्यांत काय चालले होते? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. देशात तोपर्यंत जवळजवळ न होणारे संरक्षक झगे दोन-तीन महिन्यांत दररोज काही लाख होऊ लागले. मंत्र्यांनी त्याचा गौरव केला. त्याच मार्चमध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या चालू असलेल्या २३ गिरण्या बंद झाल्या आणि टाळेबंदी उठल्यावरही त्या पूर्ववत सुरू झाल्या नाहीत. मुंबईच्या टाटा, पोदार आणि इंडिया युनायटेड क्रमांक पाच, बार्शीची गिरणी, अचलपूरची फिनले. देशाला औषधी कापडाची इतिहासात कधी नव्हती इतकी गरज पडली, आणि देशाच्या मालकीच्या गिरण्यांना टाळे! कामगार अर्ध्या पगारावर घरी बसविला गेला. मुंबईतील जमिनीचा भाव ठाऊक असलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणि आता ज्या गल्लीपासून आरंभ केला त्या गल्लीकडे. मदनपुऱ्यातील, तसेच मालेगाव-भिवंडीतील विणकराला गेली पंचवीस वर्षे एकच गोष्ट ऐकविली जात आहे: तुझा धोट्याचा माग जुना झाला, भंगारात घाल, बिनधोट्याचा नवा माग आण. १९९९ च्या तंत्रोन्नती निधी योजनेपासून कर्ज व अनुदान यांचा ओघ त्याच दिशेने आहे. ज्याच्याकडे तारण होते त्याने माग आणले. ज्याच्याकडे नव्हते त्याने जुने माग खरोखरच वजनावर भंगारवाल्याला विकले. भिवंडीत हे उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळाले आहे.

यात एक तांत्रिक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. बिनशिवणीची नळी केवळ होजिअरीच्या सुयांवरच होते असे नाही. मागावरही ती होते, पण धोट्याच्या मागावर. उभ्या धाग्यांचे दोन थर मांडावयाचे. धोटा वरच्या थरातून जातो, कडेला वळतो आणि खालच्या थरातून परत येतो. धागा तुटत नाही, म्हणून दोन्ही कडा आपोआप जुळतात आणि नळी तयार होते. आग विझविण्याच्या पाण्याची कापडी नळी अशीच होते, आणि मोठ्या धमनीसाठी लागणारी घट्ट विणीची कृत्रिम रक्तवाहिनी जगभर अशाच तंत्राने विणत आलेले आहेत. बिनधोट्याच्या मागावर प्रत्येक फेरीला आडवा धागा कापला जातो. तेथे कड सुटी राहते, नळी जुळत नाही. म्हणजे ज्या मागाला सरकार भंगार म्हणते, त्याच्या अंगी एक असा गुण आहे जो लक्षावधी रुपयांच्या नव्या मागात नाही. आणि दोन थर एकाच वेळी सांभाळणे हे बनारसी विणकराला नवे आहे काय? जकार्डच्या शेकडो दोऱ्या आणि जरीचे अनेक धोटे जो एका इंचात जुळवितो, त्याला दुहेरी कापड शिकविण्याची गरज नाही. त्याला स्वच्छ खोली, प्रमाणित धागा, तपासणीची प्रयोगशाळा आणि खात्रीचे गिऱ्हाईक यांची गरज आहे.

येथे दोन आक्षेप येतील आणि दोन्ही आपल्याच बाजूने येतील. पहिला असा की, हातमाग ही कला आहे, तिला पट्ट्या विणावयास लावणे म्हणजे तिचा अपमान. असे म्हणणारे बहुधा शालू विकत घेणारे असतात, विणणारे नसतात. चीनच्या नकली रेशमाने आणि सुरतेच्या साडीने मदनपुऱ्यातील चुली थंड झाल्या तेव्हा कलेने पोट भरले नाही. घाटावरचे अन्नछत्र एका वेळेपुरते जेऊ घालते, मजुरी रोज घालते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तांत्रिक वस्त्रे म्हणजे वैज्ञानिक सबबीखाली कामगारकपात, तेव्हा तिला विरोधच केला पाहिजे. या मताचा मान राखूनही ते मला मान्य नाही. नॉटिंगहॅमच्या मोजेविणकरांनीही सगळ्या चौकटी फोडल्या नाहीत. कोणत्या चौकटीवर कोणता माल कोणत्या मजुरीने निघतो, हे पाहून त्यांनी निवड केली. ती निवड आपल्याला करता आली पाहिजे. इचलकरंजीतील वस्त्र व अभियांत्रिकी संस्थेत न विणलेल्या कापडाचे राष्ट्रीय केंद्र आहे, कोइंबतूरच्या सिट्रामध्ये वैद्यकीय वस्त्रांचे, मुंबईत ससमिरा आणि बीटीआरए आहेत. ही सार्वजनिक पैशावर वाढलेली केंद्रे आहेत. त्यांच्या दारात मालेगावच्या मागवाल्याने आणि बनारसच्या विणकराने याचक म्हणून न जाता भागीदार म्हणून का जाऊ नये?

विणकर एकत्र येत नाहीत, असेही कोणी म्हणू नये. उत्तर प्रदेशात यंत्रमागाला २००६ पासून मिळणारा विजेचा ठोक दर डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा २०२० साली बनारसच्या गल्ल्यांतील माग थांबले. या बंदाला तेथे ‘मुर्री बंद’ म्हणतात, आणि त्याची परंपरा जुनी आहे. गिरस्ता, म्हणजे माल देणारा व्यापारी, आणि त्याच्यासाठी विणणारा मजूर असे दोन्ही त्यात उतरतात, म्हणून त्याच्या मर्यादाही आहेत. वीज स्वस्त झाली की गिरस्ता घरी जातो आणि मजुरीचा प्रश्न तसाच राहतो. तरीही एका हाकेला हजारो माग थांबतात, ही लहान गोष्ट नव्हे.

या सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे सार्वजनिक खरेदी. महापालिकांची आणि जिल्ह्यांची इस्पितळे, राज्य विमा योजनेची रुग्णालये, रेल्वे आणि लष्कर यांना स्टॉकिनेट, पट्ट्या व गॉज रोज लागतात. २०१७ पासून २०२५ पर्यंत या पट्टीवर १२ टक्के वस्तु-सेवा कर होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ वर आला. त्याने इस्पितळाचा खर्च घटला असेल, विणणाऱ्याची मजुरी वाढली नाही. निविदेत माल पुरवणाऱ्याची मागील वर्षांची उलाढाल विचारतात, कामगाराचा विमा हप्ता विचारीत नाहीत. सर्वांत कमी दर देणारा पुरवठादार तो दर कोणाच्या पोटातून कापतो, हा रकाना त्या कागदावर नाही.

तो रकाना घालावयास लावणे हे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि कामगार संघटना यांच्या आवाक्यातले काम आहे. आपल्या गावच्या इस्पितळाची पट्टीची निविदा मागवून घ्यावी, माल कोठून येतो ते शोधावे, त्या छपराखाली किती माणसे आहेत आणि किती जणांचा विमा आहे ते मोजावे. विणकर सहकारी संस्थांसाठी खरेदीचा हिस्सा राखून ठेवण्याची आणि उलाढालीची अट त्यांच्यापुरती शिथिल करण्याची मागणी त्या आकड्यांसह स्थायी समितीपुढे न्यावी. मालेगाव आणि भिवंडी येथील संघटनांनी धोट्याचे चालू माग किती उरले आहेत याची गणती प्रथम करावी; भंगारवाल्याचा काटा दररोज चालू आहे.